गेम का अडखळतो? ओपन सोर्स ग्राफिक्स ड्रायव्हर आणि शेडर कंपायलर कसे दुरुस्त होतात, सोप्या मराठीत

गेम उघडला, पहिला बॉम्ब फुटला आणि स्क्रीन क्षणभर अडकली. थोड्या वेळाने तसाच दुसरा बॉम्ब फुटला, तेव्हा मात्र सगळं लोण्यासारखं चाललं. असं तुमच्याही फोनवर झालं असेल. आपण लगेच नेटला शिव्या घालतो, नाहीतर "फोन जुना झाला" म्हणून मोकळे होतो. पण पहिल्यांदा अडकतं आणि दुसऱ्यांदा अडकत नाही, असा प्रकार असेल तर दोष बहुतेक वेळा नेटचा नसतो. त्या क्षणी तुमच्या फोनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम कंपाइल होत असतो. त्या प्रोग्रॅमला शेडर म्हणतात आणि त्याला कंपाइल करणारा शेडर कंपायलर ग्राफिक्स ड्रायव्हरच्या आत बसलेला असतो.

या लेखात आपण पाहू: ड्रायव्हर म्हणजे नक्की काय, शेडर कंपायलर आत काय करतो, त्यात चुका कशा होतात, त्या शोधून दुरुस्त कशा करतात आणि यातलं तुमच्या फोनवर काय करता येतं. शेवटी, हे काम शिकायचं असेल तर सुरुवात कुठून करायची तेही बघू.

## जीपीयू, ड्रायव्हर आणि शेडर: कोण काय करतं?

जीपीयू ही स्क्रीनवरचं चित्र काढणारी चिप. आपल्याकडच्या फोनमध्ये तीन नावं जास्त दिसतात. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरसोबत येतो तो ॲड्रेनो, मीडियाटेक आणि एक्झिनॉसच्या बऱ्याच चिपमध्ये असतो तो माली, आणि काही चिपमध्ये पॉवरव्हीआर. एक गंमत म्हणजे 'ॲड्रेनो' हे नाव 'रेडिऑन'ची इंग्रजी अक्षरं उलटसुलट करून बनलं आहे. २००९ मध्ये क्वालकॉमने एएमडीचा मोबाइल ग्राफिक्सचा विभाग विकत घेतला, तिथून ते आलं.

जीपीयूला मराठी कळत नाही, इंग्रजी कळत नाही आणि गेमची भाषाही कळत नाही. प्रत्येक जीपीयूची स्वतःची मशीन भाषा असते. गेम मात्र सगळ्या फोनसाठी एकच लिहिलेला असतो. तो ओपनजीएल ईएस किंवा व्हल्कन नावाच्या ठरलेल्या पद्धतीने सांगतो, "हे झाड इथे काढ, त्यावर ऊन पाड." हे बोलणं त्या विशिष्ट जीपीयूच्या भाषेत करून सांगणारा दुभाषी म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर.

ड्रायव्हरचे दोन भाग असतात:

- कर्नलमधला भाग: मेमरी वाटून देणं, कोणत्या ॲपचं काम आधी करायचं ते ठरवणं, जीपीयू अडकला तर तो रीसेट करणं. हा भाग आकाराने लहान, पण सिक्युरिटीच्या दृष्टीने नाजूक.
- कर्नलच्या बाहेरचा भाग: ओपनजीएल आणि व्हल्कनचे आदेश समजून घेणं आणि शेडर कंपाइल करणं. खरी डोकेफोड इथे असते.

शेडर म्हणजे जीपीयूवर चालणारा छोटा प्रोग्रॅम. एखाद्या पिक्सेलचा रंग कोणता, पाण्याची लाट किती उचलायची, सावली किती गडद, हे तो ठरवतो. तो किती वेळा चालतो त्याचा हिशोब करून बघा. १०८० × २४०० ची स्क्रीन म्हणजे सुमारे २५.९ लाख पिक्सेल. सेकंदाला ६० फ्रेम म्हटल्या तर प्रत्येक पिक्सेलवर एकदाच शेडर चालवला तरी सेकंदाला साडेपंधरा कोटी वेळा चालला. म्हणजे शेडरमधला एक फालतू गुणाकार काढून टाकला की सेकंदाला साडेपंधरा कोटी गुणाकार वाचतात. फोन गरम होणं आणि बॅटरी उतरणं याच्याशी या हिशोबाचा थेट संबंध आहे.

## पहिल्याच वेळी का अडकतं?

६० फ्रेमसाठी प्रत्येक फ्रेमला १६.६ मिलिसेकंद मिळतात. १२० हर्ट्झच्या स्क्रीनवर फक्त ८.३. नवीन शेडर समोर आला आणि तो कंपाइल व्हायला ५० मिलिसेकंद लागले, तर तीन-चार फ्रेम हुकल्या. तोच आपल्याला दिसणारा झटका.

एकदा कंपाइल झालेला शेडर ड्रायव्हर स्टोरेजमध्ये जपून ठेवतो. याला शेडर कॅशे म्हणतात. दुसऱ्यांदा तोच शेडर लागला की तयार माल उचलायचा. यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा:

१. गेम अडखळतो म्हणून रोज "क्लिअर कॅशे" करणं म्हणजे बहुतेक वेळा उलटा उपाय. जपून ठेवलेले शेडर जातात आणि पुन्हा सगळे कंपाइल करावे लागतात.

२. सिस्टिम अपडेटमधून ड्रायव्हर बदलला की जुनी कॅशे निकामी होते. म्हणून अपडेटनंतर पहिल्या एक-दोन मॅचमध्ये झटके आले तर घाबरू नका.

## शेडर कंपायलरच्या आत काय चालतं?

गेम बनवणारा माणूस शेडर वाचता येईल अशा भाषेत लिहितो. व्हल्कनच्या गेममध्ये त्याचं आधीच स्पिर-व्ही नावाच्या मधल्या रूपात रूपांतर केलेलं असतं. पुढचं काम ड्रायव्हरचं.

मेसा हा ओपन सोर्स ग्राफिक्स ड्रायव्हरचा सगळ्यात मोठा प्रकल्प. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये तो हौसेखातर सुरू केला. आज लिनक्सवर इंटेल आणि एएमडीचे ग्राफिक्स मेसावरच चालतात. मेसामध्ये शेडरचा प्रवास साधारण असा होतो:

१. मधली भाषा. शेडर आधी एनआयआर नावाच्या मधल्या रूपात आणला जातो. फायदा असा की ॲड्रेनो, माली, एएमडी, इंटेल सगळ्यांसाठी बरीचशी सुधारणा एकदाच लिहावी लागते. एनआयआरची सुरुवात २०१४ मध्ये इंटेलकडे इंटर्नशिप करणाऱ्या कॉनर ॲबट या विद्यार्थ्याने केली. एका इंटर्नचं काम आज जगभरातल्या असंख्य यंत्रांवर चालतं, हे विसरू नका.

२. साफसफाई. ज्याचं उत्तर आधीच काढता येतं ते काढून टाकणं, कुठेच न वापरलेलं गणित उडवणं, तेच गणित दोनदा असेल तर एकदाच करणं. "रंग × २ × ०.५" असं लिहिलं असेल तर कंपायलर सरळ "रंग" ठेवतो.

३. मशीनची भाषा. आता त्या विशिष्ट जीपीयूच्या सूचना निवडायच्या. हा भाग प्रत्येक जीपीयूसाठी वेगळा असतो.

४. क्रम लावणं. मेमरीतून चित्र आणायला वेळ लागतो. म्हणून ती मागणी लवकर नोंदवायची आणि माल येईपर्यंत दुसरं गणित उरकायचं.

५. रजिस्टर वाटणं. रजिस्टर म्हणजे जीपीयूच्या अगदी हाताशी असलेली छोटी जागा. ती मोजकीच असते. कोणता आकडा कुठे ठेवायचा हे ठरवणं हा कंपायलरमधला सगळ्यात किचकट भाग.

## इचलकरंजीचा माग आणि जीपीयू

रजिस्टर इतकी महत्त्वाची का, हे आपल्या जिल्ह्यातल्याच उदाहरणावरून बघू. इचलकरंजीत यंत्रमागावर उभे धागे एकत्र ताणलेले असतात. आडवा धागा गेला की सगळ्यांवरून एकदमच जातो. जीपीयूही असाच चालतो. एक सूचना आली की अनेक पिक्सेलवर एकाच वेळी अंमल होतो. एनव्हिडियाच्या जीपीयूमध्ये अशा ३२ थ्रेडच्या गटाला 'वार्प' म्हणतात आणि हा शब्द विणकामातूनच घेतला आहे. वार्प म्हणजे मागावरचा ताणा.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, शेडरमध्ये "जर असं असेल तर हे कर, नाहीतर ते कर" असं असलं आणि गटातले काही पिक्सेल इकडे, काही तिकडे गेले, तर जीपीयूला दोन्ही वाटा चालाव्या लागतात. अर्धे थ्रेड काम करतात तेव्हा उरलेले नुसते थांबतात.

दुसरी गोष्ट रजिस्टरची. एक कामगार अनेक माग सांभाळतो. एका मागाचा धागा तुटून तो थांबला तरी बाकीचे चालूच राहतात, म्हणून काम अडत नाही. जीपीयूसुद्धा एक गट मेमरीची वाट बघत थांबला की लगेच दुसरा गट चालवतो. पण सगळ्या गटांची रजिस्टर एकाच साठ्यातून जातात. एका शेडरने जास्त रजिस्टर खाल्ली की कमी गट मावतात आणि मेमरीची वाट बघताना चालवायला दुसरं कामच उरत नाही. म्हणून कधीकधी कंपायलरने सूचना दोन-चारने कमी केल्या, पण रजिस्टर वाढवली, तर गेम उलट हळू होतो. "कमी कोड म्हणजे फास्ट" हा नियम जीपीयूवर नेहमी लागू पडत नाही.

## बगचं एक उदाहरण: १७ मिनिटांनी दगड होणारं पाणी

समजा, एका गेममध्ये तळ्याचं पाणी हलतंय. सुरुवातीला सुंदर. काही मिनिटांनी लाटा धक्के खात चालतात. १७ मिनिटांनी तर पाणी सेकंदाला एकदाच उडी मारतं. शेजारच्या मित्राच्या फोनवर मात्र सगळं नीट. दोष कुणाचा?

कारण दशांश आकड्यात आहे. मोबाइल जीपीयूवर "इथे कमी अचूकता चालेल" असं शेडरमध्ये लिहिता येतं. मग कंपायलर ३२ बिटऐवजी १६ बिटमध्ये गणित करतो. कामाचा वेग वाढतो आणि बॅटरीही वाचते. पण १६ बिटच्या दशांश आकड्यात आकडा जसा मोठा होतो तसं दोन शेजारच्या आकड्यांतलं अंतर वाढत जातं:

- ६४ ते १२८ दरम्यान अंतर सुमारे ०.०६
- ५१२ ते १०२४ दरम्यान ०.५
- १०२४ ते २०४८ दरम्यान थेट १

आता गेम सुरू झाल्यापासूनचे सेकंद अशा आकड्यात ठेवले, तर १०२४ सेकंदांनंतर, म्हणजे १७ मिनिटांनी, पाण्याला अर्धा सेकंद ही गोष्टच माहीत राहत नाही. मित्राच्या फोनचा ड्रायव्हर तेच गणित ३२ बिटमध्ये करत असेल, तर तिथे काहीच दिसणार नाही. आणि नियमाप्रमाणे दोन्ही ड्रायव्हर बरोबर आहेत. चूक गेमच्या शेडरमध्ये आहे.

उलटही होतं. शेडरमध्ये पूर्ण अचूकता मागितली असताना कंपायलरने "१६ बिट पुरेल" असं चुकून ठरवलं, तर चूक ड्रायव्हरची. अशाच एका सापळ्याचं छोटं उदाहरण: "कितीही × ० = ०" हे शाळेत बरोबर, पण दशांश आकड्यांत अनंत × ० म्हणजे शून्य नव्हे. कंपायलरने असा शॉर्टकट घेतला की कुठेतरी काळे ठिपके किंवा चमकणारे पिक्सेल दिसू शकतात. म्हणून ड्रायव्हर दुरुस्त करणाऱ्याचा पहिला प्रश्न "कोड कसा बदलू" हा नसतो. "नियम काय म्हणतो" हा असतो.

## सगळा वेग शेडरमध्येच नसतो

मोबाइल जीपीयू बहुधा स्क्रीनचे छोटे चौकोन करून एकेक चौकोन चिपच्या आतल्याच मेमरीत रंगवतो आणि पूर्ण झाला की बाहेरच्या रॅममध्ये टाकतो. रॅमपर्यंतची ये-जा बॅटरी खाते. रंगासोबत 'डेप्थ' नावाचा डेटाही असतो, म्हणजे कोणती वस्तू पुढे आणि कोणती मागे. फ्रेम संपल्यावर त्याची गरज बहुतेक वेळा उरत नाही.

तरीही ड्रायव्हरने तो रॅममध्ये लिहिला तर? प्रति पिक्सेल ४ बाइट धरले तर आपल्या स्क्रीनसाठी एका फ्रेमला १ कोटी बाइटच्या वर, सेकंदाला सुमारे ६२ कोटी बाइट. ड्रायव्हरमध्ये "याची गरज नाही, टाकून दे" हे ओळखणारी दुरुस्ती केली की एवढी ये-जा वाचते. शेडरच्या एका ओळीलाही हात न लावता फोन थंड राहतो.

## बंद ड्रायव्हरचं दुखणं

कोल्हापुरात इंजिनिअरिंगला असताना माझ्या फोनवर एका गेममध्ये झाडांच्या जागी काळे चौकोन दिसायचे. मित्राकडे दुसऱ्या कंपनीचा, पण त्याच चिपचा फोन होता. त्याच्याकडे झाडं हिरवीगार. म्हणजे जीपीयू ठणठणीत होता, फरक फक्त ड्रायव्हरच्या आवृत्तीचा. मी फोन कंपनीला मेल केला. "पुढच्या अपडेटची वाट बघा" असं उत्तर आलं. ते अपडेट कधी आलंच नाही.

अँड्रॉइड फोनमध्ये ॲड्रेनो आणि मालीच्या कर्नलमधल्या भागाचा कोड उघड असतो, पण शेडर कंपायलर असलेला बाहेरचा भाग सहसा बंद. चिप बनवणारी कंपनी तो फोन कंपनीला देते आणि फोन कंपनी तो सिस्टिम अपडेटमध्ये घालते. साखळीतल्या एकाने हात वर केले की तुमचा फोन तिथेच थांबला.

हा प्रश्न फक्त झाडांचा नाही. जून आणि जुलै २०२२ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झिरो टीमने मालीच्या कर्नल ड्रायव्हरमधल्या ५ सुरक्षा त्रुटी आर्म कंपनीला कळवल्या. आर्मने जुलै-ऑगस्टपर्यंत त्या दुरुस्त केल्या. नोव्हेंबरमध्ये प्रोजेक्ट झिरोने पुन्हा तपासलं, तेव्हा त्यांच्या चाचणीतल्या माली फोनपर्यंत ती दुरुस्ती पोहोचलेलीच नव्हती. त्यात गूगलचे स्वतःचे पिक्सेलही होते. म्हणजे औषध तयार, पण पेशंटपर्यंत गेलंच नाही. कोड उघड असणं गरजेचं आहे, पण तेवढंच पुरेसं नाही. दुरुस्ती तुमच्या फोनपर्यंत यायची वाटही उघडी हवी.

## मग ओपन ड्रायव्हर आले कुठून?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गेलात तर इंजिनचा पार्ट खोलून, माप घेऊन, ड्रॉइंग नसतानाही तसाच नवा पार्ट करून देणारे कारागीर भेटतील. बरेच ओपन ग्राफिक्स ड्रायव्हर असेच बनले आहेत. याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात.

पद्धत साधी वाटते, पण चिकाटीची आहे. बंद ड्रायव्हर जीपीयूला काय पाठवतो ते मधेच पकडून लिहून ठेवायचं. मग शेडरमध्ये एकच बदल करायचा, बेरजेच्या जागी वजाबाकी टाकायची, आणि मशीन कोडमधला कोणता बिट बदलला ते बघायचं. असं शेकडो वेळा केलं की जीपीयूची भाषा कळायला लागते.

- फ्रीड्रिनो: ॲड्रेनोसाठी. रॉब क्लार्क यांनी २०१२ मध्ये सुरू केला. याच्याच जोडीचा व्हल्कन ड्रायव्हर म्हणजे टर्निप.
- लिमा आणि पॅनफ्रॉस्ट: मालीसाठी. लिमा जुन्या माली ४०० आणि ४५० साठी, पॅनफ्रॉस्ट नंतरच्या चिपसाठी. दोघांचेही कर्नल ड्रायव्हर २०१९ च्या लिनक्स ५.२ मध्ये आले. पॅनफ्रॉस्टचं काम ॲलिसा रोझेन्झ्वाइग यांनी विद्यार्थिनी असताना सुरू केलं होतं.
- पॉवरव्हीआर: इथे गोष्ट वेगळी. २०२२ मध्ये इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज या मूळ कंपनीनेच ओपन सोर्स व्हल्कन ड्रायव्हर मेसामध्ये दिला.
- एको: एएमडीसाठीचा शेडर कंपायलर. गेम विकणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०१९ मध्ये जाहीर केला. आधीचा एलएलव्हीएमवर आधारलेला कंपायलर शेडर तयार करायला जास्त वेळ घ्यायचा. मेसा २०.२ पासून एएमडीच्या व्हल्कन ड्रायव्हरमध्ये एको हाच मुख्य कंपायलर झाला.

आणि हे "जुगाड" आहेत असं समजू नका. ॲपलच्या एम१ चिपसाठी रिव्हर्स इंजिनिअरिंगने बनवलेल्या लिनक्स ड्रायव्हरला ऑगस्ट २०२३ मध्ये ओपनजीएल ईएस ३.१ ची अधिकृत मान्यता मिळाली. त्या चिपवर अशी मान्यता ॲपलच्या स्वतःच्या ड्रायव्हरकडे नव्हती.

## बग कसा पकडतात? पायरीपायरीने

१. पुन्हा घडवून आणा. "गेम नीट चालत नाही" ही तक्रार नाही. कोणता जीपीयू, ड्रायव्हरची कोणती आवृत्ती, कोणत्या लेव्हलला, दरवेळी होतं की कधीतरी, हे सगळं लिहा. चांगली तक्रार म्हणजे निम्मं काम.

२. फ्रेम पकडा. रेंडरडॉकसारखं टूल एका फ्रेममधले सगळे आदेश साठवून ठेवतं. मग पाच जीबीचा गेम न खेळता तीच एक फ्रेम पुन्हापुन्हा चालवता येते.

३. लहान करा. फ्रेममधला कोणता शेडर चुकतोय ते शोधायचं. मग त्यातल्या ओळी काढत जायचं, चूक दिसते तोपर्यंत. ३०० ओळींचा शेडर १० ओळींवर आला की चोर समोर उभा असतो.

४. कधी बिघडलं ते शोधा. आधी चालत होतं आणि आता चालत नसेल, तर गिटची बायसेक्ट सोय वापरतात. १००० बदलांपैकी मधला घ्या आणि तपासा. बिघडलेला असेल तर आधीचा अर्धा भाग बघा, नसेल तर नंतरचा. दरवेळी निम्मे बाद होतात. म्हणून १००० बदलांतून गुन्हेगार शोधायला साधारण १० चाचण्या पुरतात.

५. दुरुस्ती करा आणि टेस्ट लिहा. दुरुस्तीसोबत तोच बग पकडणारी छोटी टेस्ट जोडली, तर पुढे कुणी चुकून तो परत आणू शकत नाही.

६. इतरांचं बिघडलं नाही ना, बघा. मेसामध्ये प्रत्येक बदल खऱ्या जीपीयूवर आपोआप तपासला जातो. वेग वाढवणारा बदल असेल तर हजारो शेडरच्या संग्रहावर तो चालवून सूचना किती घटल्या, रजिस्टर किती वाढली याचा तक्ता मांडतात. एका गेमला फायदा आणि पन्नास गेमला तोटा, असा बदल आत घेत नाहीत.

७. दुसऱ्याची नजर. बदल इतर डेव्हलपर वाचतात, प्रश्न विचारतात. पहिल्या पॅचवर दहा शेरे आले तर मनाला लावून घेऊ नका. सगळ्यांनाच येतात.

मेसाची नवी मोठी आवृत्ती साधारण दर तीन महिन्यांनी येते. बंद ड्रायव्हरच्या फोनवर जी दुरुस्ती वर्षभर येत नाही, ती इथे काही आठवड्यांत येऊ शकते.

## तुमच्या फोनवर काय करता येतं?

- सिस्टिम अपडेट टाळू नका. बहुतेक फोनवर नवा ड्रायव्हर त्यातूनच येतो आणि सुरक्षेच्या दुरुस्त्याही.
- डेव्हलपर ऑप्शन्स बघा. अँड्रॉइड १० पासून काही फोनवर ड्रायव्हर प्ले स्टोअरमधून अपडेट होण्याची सोय आली. तुमच्या फोनवर असेल तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ग्राफिक्स ड्रायव्हरची सेटिंग दिसते.
- टर्निप वापरून बघता येतो, पण मर्यादित. ॲड्रेनो ६०० आणि ७०० मालिकेच्या बऱ्याच फोनवर काही एम्युलेटर ॲप रूट न करता स्वतःपुरता टर्निप लोड करू देतात. तो फक्त त्या ॲपमध्ये चालतो, बाकीच्या फोनला धक्का लागत नाही. फाइल मात्र प्रकल्पाच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्या.
- "जीपीयू बूस्टर" ॲपपासून लांब राहा. प्ले स्टोअरवरचं साधं ॲप तुमच्या सिस्टिमचा ग्राफिक्स ड्रायव्हर बदलूच शकत नाही. त्याला तेवढी परवानगी नसते.

## शिकायचं असेल तर

हे काम परदेशातल्या लोकांचंच, असं वाटत असेल तर थोडं आपल्याकडे बघा. ज्या एलएलव्हीएमवर जगातले कितीतरी कंपायलर उभे आहेत, त्याची सुरुवात २००० मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर आणि विक्रम आडवे यांनी केली. आडवे आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी. त्याच आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसी या ओपन सोर्स कंपायलरचा आतला भाग विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी जीसीसी रिसोर्स सेंटर चालवलं. पॉवरव्हीआरवाल्या इमॅजिनेशनचं आणि एनव्हिडियाचं ऑफिस तर पुण्यातच आहे, कोल्हापूरपासून एका एसटीच्या अंतरावर.

सुरुवात अशी करा:

१. कोणताही जुना लॅपटॉप घ्या आणि लिनक्स टाका. इंटेल किंवा एएमडी ग्राफिक्स असेल तर तुम्ही आपोआप मेसा वापरताय. वेगळा जीपीयू नसला तरी चालेल. मेसामध्ये सगळं चित्र सीपीयूवर काढणारा एलएलव्हीएमपाइप नावाचा ड्रायव्हर आहे.

२. मेसाचा कोड उतरवून स्वतः बिल्ड करा. पहिल्यांदा नक्की अडाल. ते अडणं सोडवणं हाच पहिला धडा.

३. पाच ओळींचा शेडर लिहा आणि एनआयआरचं रूप छापून बघा. कोणती ओळ कुठे गायब झाली ते शोधा. "कंपायलर डिझाइन" हा विषय परीक्षेपुरता वाचला असेल, तर आता तो जिवंत दिसेल.

४. सी भाषा पक्की करा. मेसाचा बराचसा कोड सीमध्ये आहे, काही भाग सी++ आणि आता रस्टमध्येही.

५. एखादा छोटा, कुणी हात न लावलेला बग घ्या. नसेल जमत, तर दुसऱ्याने नोंदवलेला बग तुमच्या मशीनवर होतो का ते तपासून लिहा. तेही खरं योगदान आहे.

६. विद्यार्थी असाल तर एक्स.ऑर्ग फाउंडेशनचा एंडलेस व्हेकेशन ऑफ कोड बघा. ग्राफिक्सचं काम शिकत करणाऱ्यांना त्यात मार्गदर्शक आणि मानधन मिळतं.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ओपन ड्रायव्हर नेहमी जास्त फास्ट असतो का?
नाही. काही गेममध्ये बंद ड्रायव्हर पुढे असतो, काहींमध्ये ओपन. फरक हा की ओपन ड्रायव्हर कुठे मागे पडतो ते कुणालाही मोजता येतं आणि सुधारता येतं.

माझ्या माली फोनवर पॅनफ्रॉस्ट टाकता येईल का?
रोजच्या अँड्रॉइड फोनवर सहज नाही. त्याला वेगळा कर्नल लागतो. लिनक्स चालणाऱ्या छोट्या बोर्डवर आणि काही क्रोमबुकवर तो चांगला चालतो.

कोड उघड असेल तर हॅकरला सोपं जात नाही का?
बंद ड्रायव्हरमधल्या त्रुटीही सापडतातच. उघड कोडमध्ये त्या शोधणारे आणि बुजवणारे हात जास्त असतात. वरचं मालीचं उदाहरण आठवा: धोका खरा वाढला तो दुरुस्ती फोनपर्यंत न पोहोचल्यामुळे.

## थोडक्यात

गेमचा झटका, गरम होणारा फोन, काळी झाडं, या बऱ्याच गोष्टींच्या मागे ड्रायव्हर आणि शेडर कंपायलर असतो. जीपीयू चांगला असूनही दुभाषी कच्चा असेल तर चित्र बिघडतं. दुभाषी बंद पेटीत असेल तर वाट बघण्याशिवाय हातात काही नसतं. उघडा असेल तर कुणीतरी बसून तो दुरुस्त करू शकतं, आणि ते कुणीतरी इंटर्नही असू शकतं, विद्यार्थीही असू शकतो.

माझ्या त्या फोनवरची झाडं शेवटपर्यंत काळीच राहिली. तुमच्याकडे आज तशी झाडं दिसत असतील तर निदान नीट तक्रार लिहा: जीपीयू, आवृत्ती, लेव्हल, स्क्रीनशॉट. दुरुस्ती तिथूनच सुरू होते.